फसवण्याची परवानगी : जादूगारांवरचे माहितीपट

जादूगारांवरचे माहितीपट असा आजचा विषय आहे. विषय हलकाफुलका वाटतो, आणि तसा तो आहेही. पण या चित्रपटांपाशी थोडा वेळ थांबलं, की माहितीपट या प्रकाराबद्दलचा एक जुना, अवघड प्रश्न समोर येतो. फसवणं हाच ज्याचा धंदा, त्याच्याबद्दल खरं कसं सांगायचं? आणि सांगणारा तरी कितपत खरं सांगतोय, हे आपण कशावरून ठरवायचं?

आधी एक साधी अडचण बघू. नाट्यगृहात बसून जादू बघणं आणि पडद्यावर जादू बघणं यांत फार फरक आहे. समोर, दहा फुटांवर, जादूगाराने मुठीतलं नाणं नाहीसं केलं तर आपण तोंडात बोट घालतो. तेच पडद्यावर दिसलं, तर शेजारचा मुलगा सुद्धा म्हणतो, ‘त्यात काय, कट मारला असेल.’ आणि त्याचं चुकतही नाही. कारण सिनेमाच्या जन्मापासून हे चालत आलं आहे.

जॉर्ज मेलिएस हा मुळात जादूगार. पॅरिसमधलं रोबेर-हुदँ हे जादूच्या प्रयोगांचं थिएटर त्याने 1888 मध्ये विकत घेतलं होतं. डिसेंबर 1895 मध्ये त्याने ल्युमिएर बंधूंचा खेळ पाहिला, आणि पुढच्याच वर्षी एक छोटी फिल्म काढली. बाई खुर्चीवर बसते, तिच्यावर कापड टाकतात, कापड काढलं तर बाई गायब. रंगमंचावर ही जादू करायची तर पायाखाली चोरदरवाजा लागायचा, आणि बाईंना झटकन खाली उतरायची सवय लागायची. मेलिएसने काय केलं? कॅमेरा थांबवला. बाई उठून गेल्या. कॅमेरा पुन्हा चालू केला. आपल्याकडे दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करायचे. आडनाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ असं नाव त्यांनी घेतलं होतं, आणि आपल्या जादूची छोटी फिल्मही काढली होती. म्हणजे जादू आणि सिनेमा ही एकाच घरातली भावंडं. पण धाकट्याने थोरल्याची गिऱ्हाइकं पळवली. कॅमेऱ्याला जे एका क्षणात जमतं, त्यासाठी जादूगार दहा वर्षं बोटं झिजवतो.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं, की माहितीपट जादू दाखवू शकत नाही. तो जादूची नोंद दाखवतो. नोंदीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरतं नोंद करणाऱ्यावरून.

आता याच्या उलट बाजूचा एक प्रसंग. 9 एप्रिल 1956. बीबीसीचा ‘पॅनोरमा’ कार्यक्रम. पी. सी. सरकार करवतीने मुलगी कापण्याचा प्रयोग करत होते. कापून झालं. सरकारांनी मुलीला हाका मारल्या, तिचे हात चोळले. ती हलेना. मग तिच्या चेहऱ्यावर कापड टाकलं गेलं. सूत्रसंचालक रिचर्ड डिम्बलबी पुढे आले आणि त्यांनी घाईघाईने कार्यक्रम आटोपला. बीबीसीकडे फोनवर फोन आले. लोकांना वाटलं, मुलगी खरंच मेली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तीच चर्चा.

लोक इतके का घाबरले? एक तर प्रक्षेपण थेट होतं, त्यामुळे ‘कट मारला असेल’ हे उत्तर हाताशी नव्हतं. पण त्याहून मोठं कारण आम्हांला वेगळं वाटतं. ‘पॅनोरमा’ हा चालू घडामोडींचा कार्यक्रम. तिकीट काढून जादूला गेलेला प्रेक्षक ‘मला फसवा’ असं सांगूनच आत शिरलेला असतो. ‘पॅनोरमा’ लावून बसलेल्या माणसाने तसं काही सांगितलेलं नव्हतं. त्याला खरं ऐकायची सवय होती. सरकारांनी करवतीपेक्षा या सवयीचा वापर जास्त केला.

इथे आपल्याला आजचा शब्द मिळतो, परवानगी. जादूगाराला फसवायची परवानगी आपण दिलेली असते. माहितीपटकाराला दिलेली नसते. ‘हे घडलं, आम्ही ते चित्रित केलं,’ एवढंच त्याने म्हणायचं असतं. जादूगारावर माहितीपट काढायचा म्हणजे हे दोन करार एकाच चित्रपटात नांदवायचे. ते जमणं सोपं नाही.

ऑर्सन वेल्सला हे बरोबर कळलं होतं. तोही हौशी जादूगारच. 1973 च्या ‘एफ फॉर फेक’ची सुरुवात तो रेल्वेच्या फलाटावर एका लहान मुलाला जादू दाखवून करतो. मग बजावतो, की पुढच्या तासाभरात जे ऐकाल ते खरं असेल. चित्रपट आहे जवळपास दीड तासाचा. बनावट चित्रं काढणारा एल्मिर द होरी, खोटं चरित्र लिहिणारा क्लिफर्ड अर्व्हिंग अशा माणसांच्या कथा सांगत तो शेवटाकडे येतो, आणि मग हळूच म्हणतो, की कबूल केलेला तास केव्हाच संपला, गेली सतरा मिनिटं मी थापा मारतोय. आपण फसतो, पण चिडत नाही. कारण करार त्याने शब्दशः पाळलेला असतो. घड्याळ बघायचं काम आपलं होतं.

हा नमुना डोळ्यांसमोर ठेवून आता अलीकडच्या चार माहितीपटांकडे येऊ. प्रत्येकाला आपण एकच गोष्ट विचारणार आहोत. इथे कोण कोणाला फसवतंय, कोणाच्या परवानगीने, आणि चित्रपट ते कबूल करतो का?

पहिला, ‘डिसेप्टिव्ह प्रॅक्टिस’. मॉली बर्नस्टाइनचा, 2012 चा. विषय रिकी जे. पत्त्यांच्या हातचलाखीत हा माणूस अव्वल, शिवाय जादूच्या इतिहासाचा जाणकार, नट, लेखक. 2018 मध्ये तो गेला. चित्रपट त्याच्या गुरूंबद्दल आहे. आजोबा मॅक्स कॅट्झ हौशी जादूगार, त्यांच्या ओळखीने लहानपणीच मोठमोठ्या माणसांशी गाठ पडली. पुढे डाय व्हर्नन आणि चार्ली मिलर यांच्यापाशी तो शिकला. आपल्याकडच्या गाण्यातल्या माणसांना हे जग लगेच ओळखीचं वाटेल. गुरूजवळ राहायचं, त्याचं बघत बसायचं, एकच पलटा हजारदा घोटायचा, आणि गुरू कधी काय देईल त्याची वाट बघायची.

या चित्रपटातला आमचा सगळ्यात आवडता भाग असा आहे, की त्यात जादू दिसतच नाही. एक ब्रिटिश पत्रकार बाई आठवण सांगतात. लॉस एंजेलिसमधला तापलेला दिवस. जेवायला बसले आहेत. बोलता बोलता जे मेन्यू उचलतो, तर खाली बर्फाची भली मोठी लादी. उन्हाळ्यात, भर उपाहारगृहात, कोणाच्या नकळत. बाईंना रडू फुटलं होतं. सांगताना त्या अजूनही त्यातून बाहेर आलेल्या नाहीत, हे दिसतं.

तिथे कॅमेरा असता तर काय झालं असतं? आपण फीत मागे-पुढे करून लादी कुठून आली ते शोधत बसलो असतो. कॅमेरा नव्हता, म्हणून साक्षीदार उरला. आणि साक्षीदाराचा चेहरा संकलनाने बनवता येत नाही. जादू घडते ती बघणाऱ्याच्या आत. तिचं चित्रीकरण करायचं असेल तर कॅमेरा जादूगारावरून हलवून बघणाऱ्यावर लावायला हवा. बर्नस्टाइनबाईंनी तेच केलं.

या चित्रपटाविरुद्ध एक तक्रार हमखास होते. जेच्या खासगी आयुष्याबद्दल त्यात जवळजवळ काही नाही. आईवडिलांशी त्याचं जमलं नव्हतं. त्यांच्याबद्दल तो एकच गोड आठवण सांगतो, ती अशी, की त्यांनी त्याच्या बार मित्स्वा समारंभाला, म्हणजे मुलाच्या तेराव्या वर्षीच्या ज्यू धर्मविधीला, ॲल फ्लॉसो या जादूगाराचा कार्यक्रम ठेवला होता. बास. त्यापुढे दार बंद. तक्रार खरी आहे, आणि भक्तिभाव या चित्रपटात जरा जास्तच झालाय हेही खरं. पण दार बंद आहे हे चित्रपट लपवत नाही. न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. आमच्या कसोटीला तो उतरतो.

दुसरा चित्रपट जास्त गुंतागुंतीचा आहे. ‘ॲन ऑनेस्ट लायर’, 2014. टायलर मीझम आणि जस्टिन वाइन्स्टाइन हे दिग्दर्शक. विषय जेम्स रँडी. मूळचा टोरोंटोचा, आधी साखळदंडांतून सुटण्याचे प्रयोग करणारा, पुढे आयुष्यभर भोंदूंच्या मागे लागलेला. जादूगार हा प्रामाणिक माणूस, कारण फसवणार असं सांगून फसवतो, असं तो म्हणत असे. म्हणजे आपला परवानगीचाच मुद्दा. अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्यांवर त्याचा राग होता तो याचसाठी. हातचलाखी तीच, पण परवानगी न घेता केलेली.

1986 मध्ये त्याने पीटर पोपॉफ या अमेरिकन धर्मोपदेशकाला उघडं पाडलं. पोपॉफ प्रार्थनासभेत अनोळखी माणसांची नावं, पत्ते, आजार सांगायचा. देव सांगतो म्हणे. रँडीच्या माणसांनी रेडिओ लहरी पकडणारं यंत्र लावलं, तेव्हा 39.17 मेगाहर्ट्‌झवर देवाऐवजी पोपॉफची बायको सापडली. ती आतून माहिती वाचून दाखवत होती आणि याच्या कानात यंत्र होतं. (हशा) पण हसून सोडू नका. पोपॉफचं दिवाळं वाजलं, आणि काही वर्षांनी तो टीव्हीवर परत आला. नवं तेच दुकान.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना इथे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आठवणारच. पाण्याने दिवा पेटवणं, नारळातून करणी काढणं, जिभेतून त्रिशूळ आरपार घालणं, हे प्रयोग गावोगावच्या शाळांमध्ये आपण पाहिले आहेत. त्यात पद्धत अशी, की आधी चमत्कार करायचा आणि लगेच तिथेच त्यामागचं विज्ञान सांगायचं. फसवणूक पाच मिनिटांची, उलगडा त्याच जागी. हे काम किती जोखमीचं असतं, ते 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात आपल्याला कळलं.

रँडीची पद्धत मात्र नेहमी इतकी सरळ नव्हती. ‘प्रोजेक्ट अल्फा’ बघा. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अतींद्रिय शक्तींचा अभ्यास करायला पाच लाख डॉलरांची देणगी मिळाली होती. रँडीने 1979 पासून दोन कोवळ्या वयाचे जादूगार तिथे ‘शक्ती असलेली मुलं’ म्हणून पाठवले. चमचे वाकवणं वगैरे करत दोघांनी संशोधकांना बराच काळ गुंगवलं. 1983 मध्ये पत्रकार परिषदेत भांडं फुटलं. त्यात एक अट होती, आणि ती महत्त्वाची आहे. ‘तुम्ही लबाडी करताय का?’ असं कोणी थेट विचारलं तर मुलांनी ताबडतोब खरं सांगायचं. कोणी विचारलंच नाही. शिवाय काय काळजी घ्यावी हे रँडीने प्रयोगशाळेला स्वतः लिहून कळवलं होतं.

हा करार वेल्सच्या तासासारखाच आहे. घड्याळ बघायचं काम तुमचं. पण फरकही आहे. वेल्सचा प्रेक्षक सिनेमा बघायला आला होता. हे शास्त्रज्ञ प्रयोग करत होते, आणि त्यांच्या भोळेपणाची किंमत पैशांत आणि अब्रूत मोजली गेली. ते चुकले हे नक्की. पण पोपॉफ आणि ते एकाच पंक्तीत बसत नाहीत. पोपॉफ लुबाडत होता, हे फक्त गाफील होते. चित्रपट हा भाग खुसखुशीतपणे, एका यशस्वी खोडीसारखा सांगून पुढे सरकतो. इथे तो थोडा थांबायला हवा होता.

मग उत्तरार्धात तो थांबतो, आणि तिथे तो खरा मोठा होतो. रँडीचा अनेक वर्षांचा जोडीदार दुसऱ्याच माणसाच्या नावाने, दुसऱ्याच माणसाच्या कागदपत्रांवर अमेरिकेत राहत होता. 2011 मध्ये त्याला अटक झाली. हाच तरुण 1988 मध्ये रँडीच्या सांगण्यावरून ऑस्ट्रेलियात ‘कार्लोस’ नावाचा बनावट सिद्धपुरुष बनला होता आणि तिथल्या प्रसारमाध्यमांची त्याने फजिती केली होती. आता प्रश्न असा, की सगळ्या जगाची सोंगं ओळखणाऱ्या रँडीला घरातलं सोंग कधीपासून माहीत होतं? चित्रपट हा प्रश्न त्याच्यासमोर ठेवतो.

आपण दोन्ही बाजूंनी विचार करू. ज्या माणसाचं नाव, जन्मतारीख वापरली गेली, त्याची परवानगी कोणी घेतली होती? नाही. त्याला त्रास झाला का? झाला. दुसरीकडे, समलिंगी माणसाला उघडपणे जगणं ज्या काळात अवघड होतं, त्या काळात हे दोघं एकमेकांना सांभाळत होते. रँडीने स्वतःबद्दल हे जाहीरपणे सांगितलं ते 2010 मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. चित्रपट ना त्याला माफ करतो, ना फासावर देतो. आपल्याला आवडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगताना त्याचीच मोजपट्टी त्याला लावणं, याला धैर्य लागतं. दिग्दर्शकांनी ते दाखवलं.

तिसरा चित्रपट, ‘द अमेझिंग जोनाथन डॉक्युमेंटरी’, 2019, बेन बर्मनचा. जोनाथन हा विनोदी जादूगार. चाकूने हात कापून घेतल्याचं दाखवायचा, रक्ताचा सडा, आणि लोक हसून बेजार. 2014 मध्ये त्याला हृदयविकारामुळे वर्षभराची मुदत असल्याचं सांगितलं गेलं. तीन वर्षांनी तो जिवंत होता आणि पुन्हा दौऱ्यावर निघाला. बर्मन कॅमेरा घेऊन मागे. मग एके दिवशी कळतं, की आणखी एक चमू याच माणसावर माहितीपट करतोय, आणि त्यांचा संबंध ऑस्कर मिळवलेल्या निर्मात्याशी आहे म्हणे. बर्मन हादरतो. हळूहळू त्याच्या मनात येतं, हा आजारच बनाव असला तर?

चित्रपट मजेदार आहे, यात वाद नाही. स्पर्धेने पछाडलेला दिग्दर्शक स्वतःची हाव, स्वतःची असुरक्षितता पडद्यावर उघडी करतो. माहितीपटाच्या धंद्यात आजारी माणसाच्या मरणाला काय भाव येतो, ते दिसतं. पण आमचं मत प्रतिकूल आहे. शंका ही इथे गोष्ट चालू ठेवण्याचं साधन झाली आहे. जोनाथनने रंगमंचावर रक्ताचं नाटक केलं ते प्रेक्षकांच्या परवानगीने. ‘रंगमंचावर फसवतो, म्हणजे दवाखान्याबद्दलही फसवत असेल,’ हा तर्क मुळातच लंगडा आहे. नाटकात खुनी झालेल्या नटावर आपण खुनाचा संशय घेतो का? बर्मन आपली शंका कबूल करतो हे ठीक. पण कबुली दिल्याने शंका न्याय्य ठरत नाही. जोनाथन फेब्रुवारी 2022 मध्ये गेला. ते लक्षात ठेवून आज चित्रपट पाहिला तर काही ठिकाणी हसू येईनासं होतं.

शेवटचा चित्रपट आपल्या देशातला आहे. ‘टुमॉरो वी डिसअपिअर’, 2014. जिम गोल्डब्लम आणि ॲडम वेबर या अमेरिकन दिग्दर्शकांनी दिल्लीतल्या कठपुतली कॉलनीवर केलेला. जादूगार, बाहुलीवाले, डोंबारी अशा कलावंतांची ही वस्ती. दिल्ली विकास प्राधिकरणाने ही जमीन पुनर्विकासासाठी खासगी बिल्डरला दिली. चित्रपटात तीन माणसं प्रामुख्याने भेटतात. बाहुलीवाले पुरण भट, कसरती करणारी माया पवार, आणि रस्त्यावर जादू करणारे रहमान शाह.

रहमान शाह यांच्याकडे आल्यावर आपला परवानगीचा मुद्दा एकदम बदलतो. रिकी जेला परवानगी प्रेक्षक देतात. रहमान शाह यांना ती आधी पोलिसाकडून मिळवावी लागते. आणि इथे आपला, म्हणजे महाराष्ट्राचा, थेट संबंध आहे. 1959 साली मुंबई राज्यात भीक मागण्याला बंदी करणारा कायदा झाला आणि पुढे तो दिल्लीलाही लावला गेला. त्यात भीक मागण्याची व्याख्या करताना गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं ही सगळी भीक मागण्याची निमित्तं धरली आहेत. म्हणजे रस्त्यावरचा मदारी पोराला टोपलीखाली झाकून गायब करतो, तेव्हा कायद्याच्या लेखी ती जादू नाहीच. ते पैसे मागण्याचं ढोंग. हातचलाखी तीच, वर्षांची मेहनत तीच. नाट्यगृहात केली की कला, फुटपाथवर केली की गुन्हा. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. त्याच्या आदल्याच वर्षी कठपुतली कॉलनीवर बुलडोझर फिरला होता.

चित्रपटात त्रुटी आहेत. दृश्यं फार देखणी आहेत. गल्लीतला सोनेरी उजेड, धुरात उभा बाहुलीवाला. गरिबी अशी सुंदर दिसू लागली की बघणाऱ्याला हळहळणं सोपं जातं, आणि ‘उद्या आम्ही नाहीसे होऊ’ हे नावही त्या हळहळीला पोसतं. माणसं हवेत विरत नाहीत. त्यांना कोणीतरी हलवतं, आणि त्या हुकुमावर सही असते. पण चित्रपटाचं एक मोठं श्रेय आहे. वस्तीतल्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे असं तो भासवत नाही. आणि जादू कशी केली, हा प्रश्न रहमान शाह यांना विचारावासाही वाटत नाही. जादू करायला जागा कुठे मिळणार, एवढाच प्रश्न उरतो.

तर निष्कर्षाकडे येऊ. या चौघांत आम्ही पहिला क्रमांक ‘ॲन ऑनेस्ट लायर’ला देऊ, कारण तो आपल्या नायकाचा नियम नायकालाच लावतो. ‘डिसेप्टिव्ह प्रॅक्टिस’ त्याच्या अगदी जवळ. ‘टुमॉरो वी डिसअपिअर’ कलाकृती म्हणून थोडा मागे, पण आपण भारतीय प्रेक्षकांनी तो आधी बघावा. बर्मनचा चित्रपट करमणुकीसाठी बघा, पण बघताना स्वतःला विचारा, की त्या आजारी माणसावर संशय घ्यायला आपल्याला मजा का येतेय.

आणि पुढच्या वेळी आपल्या गावात, बाजाराच्या दिवशी, एखादा जादूगार डमरू वाजवत रिंगण धरताना दिसला, तर मोबाइल काढून चित्रीकरण करू नका. रिंगणात उभे राहा, शेवटपर्यंत थांबा, आणि चादरीवर पैसे टाका. त्याला आपली परवानगी लागते, ती अशी द्यायची असते.

इथे थांबूया. प्रश्न असतील ते घेऊ.